केजीएफ: खाली खोदत जायचं की बाजूला बघायचं, एका सोन्याच्या खाणीचं प्रकरण

कर्नाटकातल्या कोलार गोल्ड फील्ड्सच्या, म्हणजे केजीएफच्या खाणींनी सुमारे १२० वर्षांत मिळून साधारण ८०० टन सोनं दिलं आणि आपला देश हल्ली एकेका वर्षात जवळपास तेवढंच सोनं बाहेरून विकत आणतो, कधी ७०० टन, कधी ८००. नवीन पोरं ट्रेनिंगला आली की मी हे आधी सांगतो, कारण "खाण बंद का केली, सोनं तर अजून खाली आहे ना" हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो आणि खाणीचा आवाका कळल्याशिवाय त्याचं उत्तर डोक्यात बसत नाही.

मी नागपूरचा, मायनिंग इंजिनियर, नोकरी सगळी मँगनीजच्या अंडरग्राउंड खाणीत गेली. सोन्याच्या खाणीत पगारी काम केलं नाही, पण केजीएफला तीन वेळा जाऊन आलोय, तिथले रिटायर झालेले सर्व्हेअर, शिफ्ट बॉस, वाइंडर, म्हणजे खाणीची लिफ्ट चालवणारे लोक यांच्यासोबत तासन् तास बसलोय. त्यातल्या कुणाचंही नाव इथे घेत नाही. खाणीचं नाव मात्र लपवण्यात अर्थ नाही, दोन ओळी वाचल्या की कुणीही ओळखेल. हे प्रकरण लिहायचं कारण असं की अंडरग्राउंड खाण वाढवायची म्हणजे नेमकं काय करायचं, याबद्दल मी जे काही शिकलो त्यातलं निम्मं या एका खाणीकडे बघून शिकलो.

पार्श्वभूमी

कोलार गोल्ड फील्ड्स बेंगळुरूपासून साधारण १०० किलोमीटरवर, कर्नाटक-आंध्र-तमिळनाडूच्या सीमेजवळ. जुन्या दगडाचा एक पट्टा उत्तर-दक्षिण पसरलाय, लांबी ८० किलोमीटरच्या आसपास, रुंदी मात्र जेमतेम चार-सहा किलोमीटर. त्या पट्ट्यात पूर्वेच्या बाजूला क्वार्ट्झची, म्हणजे सोनं असलेल्या गारगोटीची एक शीर आहे, तिला चॅम्पियन लोड म्हणतात, आणि केजीएफचा जवळजवळ सगळा इतिहास या एका शिरेचा इतिहास आहे. वरती ती तिरकी, साधारण ४५ अंशात उतरते, खाली जाताजाता सरळ उभी होत जाते.

इथे सोनं आहे हे स्थानिकांना फार आधीपासून माहीत होतं. १८०२ मध्ये वॉरन नावाच्या ब्रिटिश लेफ्टनंटने गावकऱ्यांना माती धुऊन सोनं काढताना बघितलं आणि लिहून ठेवलं. खरं कंपनीचं काम १८८० पासून, जॉन टेलर अँड सन्स आल्यावर सुरू झालं. म्हैसूर, चॅम्पियन रीफ, उरगाम, नंदीदुर्ग अशा वेगवेगळ्या खाणी एकाच शिरेवर रांगेत बसल्या. सुरुवातीचा माल, म्हणजे सोनं असलेला दगड, असा होता की आजच्या मायनिंगवाल्याला खोटं वाटेल, टनाला ४७ ग्रॅम सोन्याच्या आसपास. त्या पैशाच्या जोरावर १९०२ मध्ये कावेरीवरच्या शिवनसमुद्रहून जवळजवळ १४७ किलोमीटर लाईन टाकून इथे वीज आणली, बेंगळुरूला वीज त्यानंतर आली.

कामगार मुख्यतः तमिळ, उत्तर आर्काट, सेलम, धर्मपुरी या भागातून आलेले, बहुसंख्य दलित. आपल्याकडच्या वाचकांना माहीत नसेल म्हणून सांगतो, या वस्तीत बाबासाहेबांचा प्रभाव इतका खोल होता की रिपब्लिकन पक्षाचा आमदार इथून निवडून गेलेला आहे. कामगारांच्या लाईनीतल्या घरांत फिरताना भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो दिसला की मला चंद्रपूर-नागपूरच्या वस्तीत असल्यासारखं वाटायचं.

आता हे समजून घ्या की ही खाण गरीब माल घेऊन सुरू झाली नाही, श्रीमंत माल घेऊन सुरू झाली, आणि पुढची सगळी गुंतागुंत त्यातूनच निघाली.

अडचण काय होती

एका वाक्यात सांगायचं तर माल हलका होत गेला आणि तो काढायचा रस्ता लांब होत गेला, दोन्ही एकाच वेळी.

ग्रेडचा, म्हणजे एक टन दगडात किती ग्रॅम सोनं आहे याचा, हिशेब कागदावर करून बघा. टनाला ४७ ग्रॅम असेल तर एक किलो सोन्यासाठी साधारण २१ टन दगड फोडावा लागतो. शेवटच्या वर्षांत ग्रेड ३ ग्रॅमच्या आसपास आली होती, म्हणजे त्याच एक किलोसाठी ३३३ टन. जवळपास सोळापट दगड ड्रिल करायचा, ब्लास्ट करायचा, भरायचा, वर ओढायचा, मिलमध्ये दळायचा. (प्लांटमध्ये जे थोडं सोनं सुटून जातं ते इथे धरलं नाही, धरलं तर आकडा अजून वाढतो.) संपूर्ण आयुष्याची सरासरी बघितली तर सुमारे ५१ दशलक्ष टन दगडातून ८०० टन सोनं निघालं, म्हणजे टनाला जवळजवळ १६ ग्रॅम, जी आजही जगात कुठेही उत्तमच म्हटली जाईल, पण सरासरीने पगार होत नसतात, पगार या महिन्याच्या मालातून होतात.

दुसरी गोष्ट खोली. चॅम्पियन रीफ खाण तीन किलोमीटरच्या खाली गेली, ३.२ किलोमीटरच्या आसपास. मी ज्या खाणीत काम केलं ती काही शे मीटरची, तिथेही खालच्या लेव्हलला (खाणीतल्या मजल्याला) उन्हाळ्यात शर्ट पिळून काढावा लागायचा. तीन किलोमीटरवर दगडाचंच तापमान ६० अंशांच्या वर असतं. हाताला चटका बसेल असा दगड आणि त्यात ड्रिलचं पाणी, म्हणजे दमट वाफ. त्यासाठी जमिनीवर हवा थंड करायचा प्लांट बसवावा लागला आणि ती थंड हवा तेवढ्या खोलवर नेताना वाटेतच गरम व्हायची. एका सरांनी मला सांगितलं की शाफ्टच्या, म्हणजे खाली उतरायच्या उभ्या विहिरीच्या, तोंडापासून कामाच्या जागेपर्यंत पोचायलाच त्यांना खूप वेळ जायचा, कारण एका केजमधून (लिफ्टच्या पिंजऱ्यातून) सरळ खाली जाता येत नव्हतं, आधी मुख्य शाफ्ट, मग आत चालत दुसऱ्या शाफ्टपर्यंत, मग तिथून अजून खाली. आठ तासांच्या शिफ्टमधले प्रत्यक्ष ड्रिल हातात धरायचे तास किती उरत असतील याचा विचार करा. आणि हा खर्च कोणत्याही रजिस्टरमध्ये "खोलीचा खर्च" म्हणून वेगळा लिहिला जात नाही, तो मजुरीत, विजेत, कॉम्प्रेस्ड हवेत, पंपात सगळीकडे थोडाथोडा मुरलेला असतो, म्हणून तो कापायला गेलं की सापडत नाही.

तिसरी, आणि माणसांच्या दृष्टीने सगळ्यात वाईट गोष्ट, रॉकबर्स्ट. ज्यांनी खाण बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो. इतक्या खोलीवर दगडावर वरच्या तीन किलोमीटर दगडाचा भार असतो. आपण मधून माल काढून पोकळी केली की तो भार आजूबाजूच्या खांबांवर जातो, दगड कठीण आणि ठिसूळ असेल तर तो हळूहळू वाकत नाही, एकदम फुटतो, बाँबसारखा. केजीएफमध्ये हे इतक्या वेळा झालं की मोठ्या बर्स्टला वर गावातली घरं हलायची, भिंतींना तडे जायचे, आणि घरातल्या बायकांना आवाजावरून कळायचं की खाली काहीतरी झालंय. शिफ्टला कोण गेलंय हे मग प्रत्येकजण मनात मोजायचं. एका शिफ्ट बॉसच्या मुलीने मला हे सांगितलं तेव्हा ती साठीच्या पुढे होती आणि तरी सांगताना तिचा हात टेबलावर स्थिर राहत नव्हता.

चौथी अडचण जमिनीखालची नव्हतीच, ती भावाची होती. १९५६ मध्ये म्हैसूर सरकारने खाणी ताब्यात घेतल्या, १९६२ मध्ये त्या केंद्राकडे गेल्या. या काळात इथलं सोनं झवेरी बाजारात विकलं जात नव्हतं, ते सरकारकडे जायचं आणि सरकारी आंतरराष्ट्रीय भावाने जायचं, औंसाला (साधारण ३१ ग्रॅमला) ३५ डॉलर. तेव्हाच्या ४.७६ रुपये डॉलरच्या दराने १० ग्रॅमला ५४ रुपयेसुद्धा होत नाहीत. बाजारात त्याच वेळी, साठच्या दशकाच्या सुरुवातीला, १० ग्रॅमला शंभरच्या वर पडत होते. म्हणजे खाणीचं पुस्तक तोट्यात दिसत होतं आणि तिने दिलेलं सोनं अर्ध्या भावात सरकारी तिजोरीत बसत होतं. मला सरकारचं त्या वेळचं कारण कळतं, परकीय चलनाची चणचण होती, सोनं देशाला हवं होतं. पण ज्या पैशातून नवीन शोध घ्यायचा, नवीन शाफ्ट पाडायचा, तोच पैसा खाणीच्या हातात आला नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण पुढे पन्नास वर्षांनी "ही खाण तोट्यातच होती" असं सगळे सहज म्हणाले.

समोर कोणते पर्याय होते

पहिला पर्याय सगळ्यात सरळ, त्याच शिरेवर अजून खाली जायचं. शीर तुटलेली नाही, खाली चालूच आहे, लोकांना ती ओळखीची आहे, प्लांट तिच्या मालासाठीच बांधलाय. याच्या बाजूने बोलणारे चूक नव्हते. चॅम्पियन रीफच्या उत्तरेकडच्या भागात खोलवर अतिशय श्रीमंत माल मिळाला होता, ज्याला ग्लेन ओअर शूट म्हणायचे, आणि असा माल एकदा मिळाला की पुढच्या लेव्हललाही तो मिळेल ही आशा सुटत नाही. पण नेमकं त्याच भागात बर्स्ट जास्त.

दुसरा पर्याय बाजूला बघायचा. चॅम्पियन लोडच्या पश्चिमेला समांतर दुसऱ्या शिरा आहेत, ओरिएंटल, मॅकटॅगार्ट वगैरे. त्या सल्फाइडवाल्या, म्हणजे सोनं चकचकीत क्वार्ट्झमध्ये न दिसता गंधकाच्या खनिजांसोबत विखुरलेलं. ग्रेड कमी, पण काम करायची खोली कमी, आणि जिथे शाफ्ट आधीच आहेत तिथून आडवा बोगदा, म्हणजे क्रॉसकट, मारून तिथे पोचता येतं. तोटा असा की कमी ग्रेडच्या मालात पैसा टनेजमधून येतो. रोजचं टनेज दुप्पट-तिप्पट करायचं तर स्टोपिंगची, म्हणजे शिरेतला माल काढायची पद्धत बदलावी लागते, हाताने मकिंग करणारी (फुटलेला माल भरणारी) टोळी पुरत नाही, लोडर लागतात, मिल मोठी लागते.

तिसरा पर्याय पट्ट्यात दूर जाऊन नवीन खाणी उघडायचा. पट्टा ८० किलोमीटरचा आणि खोदलेला भाग त्यातला थोडासाच.

चौथा, वर पडलेली माती. मिलमधून दळून निघालेली बारीक माती शतकभर गावाच्या कडेला टाकत गेले, तिचे डोंगर झाले, दळलेल्या दगडातून सोनं सायनाइडने वेगळं करायचे म्हणून लोक त्यांना सायनाइड डम्पच म्हणतात. सुमारे ३३ दशलक्ष टन. टनाला पाऊण ग्रॅमच्या आसपास सोनं त्यात उरलंय असा अंदाज धरला तर २० टनांच्या वर होतं. फोडायचं नाही, दळायचं फारसं नाही, खाली उतरायचं नाही.

आणि पाचवा, बंद करायचा. यातही दोन प्रकार असतात आणि लोक ते एकच समजतात. एक म्हणजे काम थांबवून पंप, शाफ्ट, वीज जिवंत ठेवायची, भाव सुधारला की पुन्हा उतरायचं. दुसरा म्हणजे कुलूप.

काय केलं गेलं

प्रामाणिकपणे सांगायचं तर सगळ्या पर्यायांना थोडाथोडा हात लावला गेला पण भर पहिल्यावर राहिला. १९७२ मध्ये भारत गोल्ड माइन्स लिमिटेड ही केंद्राची कंपनी झाली आणि तोपर्यंत खोलवरच्या कामाचं ओझं पूर्ण अंगावर आलं होतं.

रॉकबर्स्टवर जे काम झालं ते बघून मात्र मान आदराने खाली जाते. आधी पोकळीत ग्रॅनाइटच्या दगडांच्या भिंती रचून आधार द्यायचे, त्या भार आल्यावर दबायच्या, मग काँक्रीटचा आधार आला, माल काढायचा क्रम बदलला, म्हणजे कोणता खांब आधी आणि कोणता नंतर काढायचा याचं शास्त्र बसवलं. १९८८ मध्ये राष्ट्रीय शिला यांत्रिकी संस्था इथेच केजीएफला सुरू झाली. आज देशातल्या कितीतरी बोगद्यांच्या आणि धरणांच्या कामात जे ज्ञान वापरलं जातं त्याचं मूळ या खाणीतल्या मेलेल्या माणसांमध्ये आहे, असं मी म्हणतो तेव्हा काही लोकांना ते जड वाटतं, पण ते खरं आहे.

पश्चिमेच्या शिरांवरही काम झालं, नंदीदुर्ग खाणीतून ओरिएंटल वगैरे काढल्या गेल्या. पट्ट्याच्या दक्षिण टोकाला आंध्रात चिगरगुंटा, आणि तेव्हाच्या अनंतपूर जिल्ह्यात रामगिरीकडे येप्पमाना, अशा छोट्या खाणी कंपनीने चालवल्या. दिशा बरोबर होती. पण या कामांना पैसा तेव्हा मिळाला जेव्हा मोठी खाण स्वतःच श्वास घेत नव्हती, आणि छोट्या खाणीच्या डोक्यावर मोठ्या खाणीची कॉलनी, हॉस्पिटल, शाळा, पाणी या सगळ्याचा खर्च वाटून बसवला की कोणतीही छोटी खाण फायद्यात दिसत नाही. हे मी स्वतः दुसऱ्या धातूच्या खाणीत बघितलंय, हेड ऑफिसचा खर्च वाटायची पद्धत बदलली आणि एका रात्रीत एक चांगली खाण "आजारी" झाली.

याच काळातली एक वेगळी गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. मुंबईच्या टीआयएफआरचे (टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे) शास्त्रज्ञ इथे जमिनीखाली २.३ किलोमीटरवर उपकरणं लावून बसायचे, कारण वरचा दगड आकाशातून येणारे बाकी बहुतेक कण अडवतो. १९६५ मध्ये वातावरणातल्या न्यूट्रिनोची, म्हणजे दगडातूनही आरपार जाणाऱ्या अतिसूक्ष्म कणांची, नोंद जगात पहिल्यांदा ज्या प्रयोगांत झाली त्यातला एक इथला. नंतर प्रोटॉन फुटतो का हे बघायचा प्रयोगही इथेच. मुंबईचे प्रोफेसर आणि खाणकामगार एकाच केजमधून उतरायचे. खाणीच्या ताळेबंदात या उपयोगाला कुठला रकाना असणार.

१९९२ मध्ये कंपनी बीआयएफआरकडे गेली, म्हणजे आजारी कारखान्यांच्या बोर्डाकडे. २००० मध्ये गुंडाळायची शिफारस आली. त्या वेळी सोन्याचा जागतिक भाव औंसाला २७० डॉलरच्या आसपास रेंगाळत होता, अनेक वर्षांतला नीचांक. ३ ग्रॅमच्या एक टन दगडात त्या भावाने २६ डॉलरचं सोनं, म्हणजे साधारण १,२०० रुपये. १,२०० रुपयांत इतक्या खोल खाणीतून एक टन दगड वर आणून, दळून, सायनाइडमधून काढून, काही हजार माणसांचा पगार आणि एक गाव चालवायचं. नाही होत. त्या दिवसाचा हिशेब मी कितीही वेळा केला तरी नाही होत.

पुढे काय झालं

१ मार्च २००१ पासून खाणी बंद. कामगारांना पॅकेज देऊन घरी पाठवलं. आणि मग तो निर्णय झाला ज्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय, पंप थांबले. अंडरग्राउंड खाणीत पाणी रोज येतं, खाण चालू असो वा नसो. पंप थांबला की खालची लेव्हल भरते, मग तिच्यावरची, शाफ्टमधलं लाकूड कुजतं, लोखंड गंजतं, ओले खांब कमजोर होतात. जे ज्ञान १२० वर्षांत मिळवलं, कुठे शीर कशी वळते, कुठे दगड खराब आहे, ते बघायला परत जायचा रस्ताच पाण्याखाली गेला.

कामगार संघटना कोर्टात गेल्या, खाण आम्हाला चालवायला द्या असाही प्रस्ताव त्यांनी ठेवला. २००६ मध्ये केंद्राने जागतिक टेंडरचा निर्णय घेतला, २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टातून टेंडरचा रस्ता मोकळा झाला, तरी खाली माणूस उतरला नाही. २०२४ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने डम्पवर काम करायच्या केंद्राच्या प्रस्तावाला मंजुरी दिली. म्हणजे चौथा पर्याय, जो पहिल्या दिवसापासून टेबलावर होता, तो तेवीस वर्षांनी हलला.

गावाचं काय झालं ते पहाटे मारिकुप्पम स्टेशनवर उभं राहिलात तर दिसेल, डबा घेऊन बेंगळुरूला कामाला जाणारी माणसं गाडीत भरून जातात आणि रात्री परत येतात. बाप केजमध्ये उभा राहायचा, पोरगा लोकलमध्ये उभा राहतो. वारा सुटला की डम्पची बारीक पांढुरकी माती अजूनही घरात येते.

भावाचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. मार्च २०२५ मध्ये औंसाचा भाव ३,००० डॉलरच्या वर गेला. त्याच ३ ग्रॅमच्या टनात मग २९० डॉलरच्या आसपास, रुपयांत २४-२५ हजार. अर्थात मजुरी, वीज, सुरक्षेचे नियम सगळं महागलंय, त्यामुळे "वीसपट फायदा" असा अर्थ कुणी काढू नये. पण १,२०० रुपयांवर घेतलेला निर्णय कायमचा होता आणि भाव कायमचा नव्हता, हा फरक तेव्हा कुणीतरी फाइलवर लिहायला हवा होता.

तुलनेला एक दुसरी खाण

हट्टी रायचूर जिल्ह्यात, लिंगसुगूर तालुक्यात. मुंबई-चेन्नई लाईनने सोलापूरच्या पुढे रायचूर लागतं, आणि १९५६ पर्यंत हा भाग आपल्या मराठवाड्यासारखाच हैदराबाद राज्यात होता. इथलं खोदकाम फार जुनं, दोन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांनी आग लावून दगड तापवून तडकवून जवळजवळ २०० मीटर खाली काम केलं होतं. जवळच्या मस्कीला अशोकाचा तो शिलालेख, ज्यात त्याचं स्वतःचं नाव आहे, तो १९१५ मध्ये सापडला आणि तो शोधणारा माणूस सोनं शोधत फिरणारा मायनिंग इंजिनियर होता.

हट्टीसुद्धा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चालली, १९२० च्या सुमारास बंद पडली, स्वातंत्र्याच्या वेळी पुन्हा उघडली आणि आज देशात खाणीतून निघणाऱ्या सोन्याचा बहुतेक भाग तीच देते, वर्षाला दीड टनाच्या आगेमागे. तिथे एक चॅम्पियन नाही, एकमेकांशेजारी अनेक समांतर रीफ, म्हणजे सोन्याच्या शिरा आहेत, ओकलीज, मिडल, झोन वन, व्हिलेज, स्ट्राइक, प्रॉस्पेक्ट अशी नावं. खोली अजून किलोमीटरच्या आसपास. एक रीफ हलकी पडली तर दुसरीकडे क्रॉसकट मारता येतो, त्यामुळे वाढीचा विचार करताना हातात दोन दिशा असतात. शिवाय आजूबाजूला उटी, हिरा-बुद्दिनीसारख्या छोट्या ठिकाणचा माल त्याच मिलला आणता येतो, म्हणजे मिल उपाशी राहत नाही. हे नशीब आहे हे मान्य, निसर्गाने तिथे रीफ जास्त दिल्या. पण १९२० ते १९४७ बंद राहूनही ती पुन्हा उघडता आली याचं एक कारण ती तेव्हा उथळ होती. केजीएफ बंद होईपर्यंत तीन किलोमीटरच्या खाली गेलेली होती. बंद करायची किंमत खोलीसोबत वाढते आणि पुन्हा उघडायची त्याहून जास्त वाढते.

निर्णयाच्या जागा, आणि मी काय वेगळं केलं असतं

हे मागे बसून बोलणं सोपं आहे हे मला माहीत आहे, ज्यांनी तेव्हा निर्णय घेतले त्यांच्यासमोर पगाराची तारीख होती आणि माझ्यासमोर चहाचा कप आहे. तरीही.

पहिली जागा, माल चांगला होता तेव्हा. टनाला दहा-पंधरा ग्रॅम येत होते तेव्हा दर वर्षी ठरावीक मीटर ड्रिलिंग पश्चिमेला करायचंच, उत्पादन कमी पडलं तरी त्याला हात लावायचा नाही, असा नियम बांधायला हवा होता. प्रत्येक खाणीत हेच होतं, महिना संपत आला की टार्गेटसाठी एक्सप्लोरेशनची, म्हणजे नवीन माल शोधायची ड्रिलिंग रिग आणि माणसं उत्पादनावर ओढली जातात. मी स्वतः ओढलेली आहेत, दोनदा, आणि दोन वर्षांनी नवीन ब्लॉक तयार नाही म्हणून वरून मलाच विचारणा झाली.

दुसरी, १९५६ नंतरचा भाव. सोनं सरकारने हव्या त्या भावाने घ्यावं, पण बाजारभाव आणि दिलेला भाव यातला फरक वेगळ्या रकान्यात "देशाला दिलेलं" म्हणून लिहायचा आणि त्याचा काही हिस्सा शोधकामाला बांधून ठेवायचा. तोटा कुणाचा आणि किती हे मग स्पष्ट राहिलं असतं, आणि १९९२ मध्ये बोर्डासमोर गेलेली फाइल वेगळी दिसली असती. कॉलनी, हॉस्पिटल, शाळेचा खर्चही असाच वेगळा, म्हणजे चिगरगुंटासारखी खाण स्वतःच्या पायावर आहे की नाही ते दिसलं असतं.

तिसरी, १९९२ ते २००१. या नऊ वर्षांत माझ्या मते एकच प्रश्न सोडवायला हवा होता, खालची खोल कामं सोडायची का. मी सोडली असती. सगळ्यात खोल, गरम, बर्स्टवाली कामं आधी बंद, तिथलं पाणी येऊ द्यायचं, आणि वरच्या एक किलोमीटरपर्यंत पंप चालू ठेवून पश्चिमेच्या शिरांवर कमी माणसं आणि जास्त यंत्रं लावून काम. यात बऱ्याच लोकांची नोकरी तरीही गेली असती, ते मी लपवत नाही, आणि युनियनला हे सांगणं कुणालाच सोपं नव्हतं. पण डम्पचं काम त्याच वेळी सुरू केलं असतं तर जमिनीवर काही शे लोकांना काम आणि पंपाच्या विजेचं बिल दोन्ही त्यातून निघण्याची शक्यता होती. २७० च्या भावात डम्प तरी परवडला असता का, असं एका मित्राने मला विचारलं. काही भाग परवडला असता, सगळा नाही, आणि म्हणूनच आधी सँपलिंग करून कोणता डम्प जुन्या श्रीमंत काळातला आहे ते शोधायला हवं होतं, कारण जुन्या मिलमधून जास्त सोनं सुटून जायचं.

चौथी जागा आजची आहे. डम्पचं काम सुरू होत असेल तर मला तीन गोष्टी बघायच्यात. एक, सायनाइड आणि धूळ याची मोजणी काम सुरू व्हायच्या आधीपासून, लोकवस्तीत, आणि आकडे गावाला कळतील अशा पद्धतीने, कारण याच लोकांच्या फुफ्फुसात आधीच सिलिका आहे. दोन, कामावर घेताना खाणकामगारांच्या घरातली पोरं आधी. तीन, जुने मायनिंग प्लॅन, लेव्हलचे नकाशे, ड्रिलिंगचे कोअर (ड्रिलने काढलेले दगडाचे नमुने), जे काही उरलंय ते एका जागी आणून स्कॅन करायचं. एका रिटायर्ड सर्व्हेअर सरांकडे त्यांनी स्वतः काढलेल्या नकाशांच्या गुंडाळ्या अजून पलंगाखाली आहेत, कापडावर चिकटवलेल्या, कडा उंदरांनी खाल्लेल्या. त्यांनी एक उघडून दाखवली, ज्या क्रॉसकटचं तोंड पश्चिमेच्या शिरेजवळ येऊन थांबलंय तिथे पेन्सिलीने बारीक तारीख लिहिलेली होती. पुढे का नाही गेलात म्हणून विचारलं तर म्हणाले, ती टोळी दुसऱ्या दिवशी खालच्या लेव्हलला पाठवली.